अनुदानाची रक्कम आणि तिची तारीख

निराधार, विधवा, दिव्यांग आणि दुर्धर रोगाने ग्रासलेल्या व्यक्तींना दरमहा अर्थसाहाय्य देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० साली सुरू झाली. पासष्ट वर्षांवरील गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. या दोन्ही योजनांतील साहाय्य २०२३ साली दरमहा १,५०० रुपये करण्यात आले. दिव्यांगांसाठी ते २,५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ साली झाला. मध्यंतरी जुलै २०२४ पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेखाली २१ ते ६५ वर्षे वयाच्या पात्र महिलांसाठी दरमहा १,५०० रुपये लागू झाले. एके काळी मोजक्या घरांपुरती असलेली ही पद्धत आता खेडोपाडीच्या मासिक हिशेबात शिरली आहे. तेव्हा या रकमेने घरात नेमके काय घडते, हे पाहावयास हवे.

प्रथम रकमेचे मोल. दरमहा १,५०० म्हणजे वर्षाचे १८,००० रुपये. निराधार व श्रावणबाळ योजनांसाठी सर्वसाधारणपणे कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. म्हणजे कागदावरचे उत्पन्न खरे मानले, तर अनुदानाने घरची आवक जवळजवळ दुप्पट होते. (इतक्या उत्पन्नात घर कसे चालते आणि हा दाखला कसा लिहिला जातो, हे तलाठ्यांना निराळे सांगावयास नको.) मर्यादेचा प्रश्न बाजूस ठेवला तरी एवढे खरे की, पगारदारास किरकोळ वाटणारी ही रक्कम त्या घरात किरकोळ नसते.

मजुरीचा पैसा कामाच्या दिवशी येतो आणि पावसाळ्यात किंवा आजारपणात थांबतो. गरिबाची अडचण कमाईच्या कमीपणाइतकीच तिच्या बेभरवशाची असते. मिठामिरचीसाठी वाण्याच्या वहीत नाव चढते, औषधासाठी हातउसने घ्यावे लागते आणि निकडीच्या वेळी शेळी पडेल त्या भावाने विकली जाते. ठरलेल्या तारखेला येणारी रक्कम या साखळीची एक कडी सैल करते. महिनाअखेर पैसे येणार, हे ठाऊक असल्यास वाणी उधारी नाकारत नाही आणि रक्तदाबाची गोळी मध्येच बंद पडत नाही. मात्र रक्कम तीन महिन्यांनी एकदम आली, तर एकूण बेरीज तीच राहूनही परिणाम तो राहत नाही. तोवर उसनवारी झालेली असते आणि आलेला पैसा ती फेडण्यातच जातो.

दुसरी गोष्ट रक्कम कोणाच्या हाती पडते, ही. मुलाच्या संसारात राहणाऱ्या वृद्धेच्या नावावर स्वतःचे पासबुक असणे, नातवाला जत्रेत दहा रुपये तिने स्वतःच्या कमरेच्या पिशवीतून देणे, या बाबी कोणत्याही अहवालात येत नाहीत. घरातील तिचे स्थान मात्र त्यांनी बदलते.

असा पैसा माणसाला आळशी करतो, तो दारूत जातो, अशी शंका ग्रामसभेत हमखास निघते. तिची परीक्षा झालेली आहे. मध्य प्रदेशात २०११ आणि २०१२ मध्ये सेवा या महिला संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने आठ गावांतील सर्व रहिवाशांना दरमहा रक्कम दिली. आरंभी प्रौढास २०० व बालकास १०० रुपये होते, पुढे ३०० व १५० झाले. मुलांचा वाटा आईकडे दिला जाई. ज्या गावांना रक्कम नव्हती त्यांच्याशी तुलना करता या गावांत आहार सुधारला, मुलींची शाळेतील उपस्थिती वाढली, लोकांनी जनावरे घेतली. दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी सोडून स्वतःच्या शेतावर राबणाऱ्यांचे प्रमाणही वाढले. दारूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१४ साली निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा आढावा घेतला, त्याचाही निष्कर्ष तंबाखू व मद्याच्या बाबतीत असाच होता.

तथापि रोख रक्कम सर्वत्र गुणकारी ठरते, असे मानणे चूक होईल. झारखंडमधील रांचीजवळच्या नगडी तालुक्यात २०१७ साली स्वस्त धान्याऐवजी बँक खात्यात पैसे देण्याचा प्रयोग झाला. लोकांनी आधी बँकेतून पैसे काढावयाचे आणि मग रास्त भाव दुकानात पूर्ण किमतीने तांदूळ घ्यावयाचा, अशी रीत होती. पैसे जमा झाले की नाही, हे पाहण्यासच खेपा पडू लागल्या आणि प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडू लागली. लोकांचा विरोध वाढला आणि २०१८ साली प्रयोग मागे घेण्यात आला. सरकारने पैसे दिले होते, पण ते शिधापत्रिकाधारकाच्या ताटापर्यंत पोहोचण्याची वाट लांबली होती.

ही वाट आपल्याकडेही पुष्कळदा अखेरच्या मैलावर अडते. पूर्वी निराधार योजनांची रक्कम तहसील कार्यालयामार्फत बँकांकडे जाई. २०२४ च्या अखेरीपासून ती थेट लाभार्थ्याच्या खात्यात पाठविण्यास आरंभ झाला. मधला टप्पा गेला, हे चांगलेच झाले. पण आधार क्रमांकाच्या आधारे पाठविलेली रक्कम, तो क्रमांक शेवटी ज्या खात्याशी जोडला गेला असेल, त्या खात्यात जाते. एखादी बाई जिल्हा बँकेचे जुने पासबुक घेऊन महिनोन्महिने खेपा घालते आणि तिचे पैसे कोणे एके काळी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात साचत असतात. अनुदान बंद झाले, अशी तिची समजूत होते. ग्रामसेवकाने वा शाळेतील शिक्षकाने पाच मिनिटे देऊन तिचे संलग्न खाते कोणते, हे पाहून दिले, तर तो प्रश्न तेथेच सुटतो.

अंगठ्याचेही तसेच. जन्मभर खुरपे धरलेल्या हाताच्या रेषा झिजतात आणि यंत्र त्या ओळखत नाही. अशा वेळी 'उद्या या' हे उत्तर चालणार नाही. सत्तर वर्षांवरील व दिव्यांग खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच बँकांना दिले आहेत. पंचायत सदस्यांनी बँकेच्या शाखेकडे त्याची लेखी मागणी करण्यास काहीच हरकत नाही.

राहिला हयातीचा दाखला. तो दरवर्षी द्यावा लागतो. जो अंथरुणावर आहे, त्याचाच दाखला राहून जातो आणि त्याचेच अनुदान थांबते. ज्यांचे दाखले आले नाहीत त्यांची यादी मुदत संपण्यापूर्वी ग्रामपंचायतीने मागवून घ्यावी, ती चावडीवर वाचावी आणि ज्यांना चालता येत नाही त्यांच्या घरी तलाठ्याने किंवा कोतवालाने स्वतः जावे.