वळेसराची गाठ

फाल्गुन सरता सरता वेंगुर्ले तालुक्यातील आरवली, आसोली, सोन्सुरे या गावांच्या वाटेने पहाटे जावे, म्हणजे सुरंगी आधी नाकाला भेटते, मग डोळ्यांना. ऊन चढून कळ्या उमलण्यापूर्वी त्या काढावयाच्या आणि लगोलग वळेसर करावयास बसावयाचे, ही येथील मायबहिणींची परंपरागत विद्या होय. देशावर ज्याला गजरा म्हणतात, तोच आमच्या सिंधुदुर्गातील वळेसर.

आबोलीचा वळेसर बांधताना ज्याने पाहिला, त्याला या विद्येचे मर्म कळेल. केळीच्या सोपटाचा धागा भिजवून मऊ करतात. आबोलीचा देठ इतका नाजूक की त्याला सुई सोसत नाही. म्हणून चार फुले जुळवावयाची, धाग्याचा वेढा द्यावयाचा आणि बोटांच्या पेरांनीच गाठ आवळावयाची. वेढा सैल पडला तर फूल गळते. अधिक आवळला तर देठ तुटतो. पुढे देवीच्या कंठी शोभलेला हा वळेसर निर्माल्य होऊन धाग्यासकट मातीस मिळतो.

आज अंबाडे विरळ झाले आणि बाजारात प्लॅस्टिकच्या वेण्या आल्या. सुरंगीचा बहर साधारण फेब्रुवारी ते एप्रिल एवढाच. पुढे हात रिकामे. ज्याच्या फुलांना मोल उरत नाही, त्या झाडावर कुऱ्हाड पडावयास वेळ लागत नाही.

यावर आम्हांस एक मार्ग दिसतो. हाच वेढा, हीच गाठ रेशमी सुताने घालून आबोलीची कर्णफुले, केसांतील चाप, मनगटावरचे पट्टे का करू नयेत? सुरंगीच्या कळ्यांनी पूर्वी रेशीम रंगवीत असत, आणि ही कळी सुकली तरी तिचा गंध जात नाही. अशा दोन-चार सुक्या कळ्या सूतफुलाच्या पोटात बांधल्या, तर केस आखूड ठेवणारी, नोकरीनिमित्त मुंबईस राहणारी लेकही आपल्या गावचा वसंत अंगावर मिरवील. आणि गावच्या हातांना बारमाही काम मिळेल.

‘मग हीच फुले देवालाही वाहावयाची काय?’ असे वडीलधारे विचारतील. आमच्या मते, नाही. देवाला वाहिलेले फूल कोमेजते, यातच समर्पणाचा अर्थ आहे. जे निर्माल्य होत नाही, ते आपण ल्यावे. देव्हाऱ्यासाठी मात्र ताजे फूलच खुडावे. सूतफूल झाडाची जागा घेण्यासाठी नव्हे, तर झाडाची आठवण जागी ठेवण्यासाठी असावे.

येत्या पाडव्याला गुढीस माळ बांधताना घरातील आजीने नातीला जवळ बसवावे आणि ही एक गाठ शिकवावी. पुस्तकात पाहून ती येत नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातातच जाते.