मांसांतील चरबी आणि अदृश्य प्रकाश

आमच्याकडील शेतकरी सकाळीं डेअरीवर दूध घालावयास गेला, म्हणजे ‘आज फॅट किती लागली?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. कारण त्या आंकड्यावर त्याच्या दुधाचा भाव ठरतो. मांसाच्या व्यापारांतहि चरबीस असेंच महत्त्व आहे. तुकड्याच्या कडेची पांढरी चरबी कोणासहि दिसते. परंतु तंतूंच्या आंत पसरलेली चरबी किती आहे व ती कोणत्या प्रकारची आहे, हें नजरेनें सांगतां येत नाहीं. तें ओळखण्याची जी नवी युक्ति निघाली आहे, तिची माहिती आमच्या वाचकांस करून द्यावी, असा या लेखाचा हेतु आहे.

चरबीच्या प्रकारावर केवढें अवलंबून असतें, हें स्पेन देशांतील एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. त्या देशाच्या नैर्ऋत्य भागांत ओकवृक्षांचीं विस्तीर्ण कुरणें आहेत. थंडीच्या दिवसांत इबेरियन जातीचीं डुकरें तेथें मोकळीं चरतात व झाडांखालीं पडलेलीं ओकफळें खाऊन पुष्ट होतात. त्या आहारामुळें त्यांच्या चरबींत ओलेइक अम्ल, म्हणजे ऑलिव्हच्या तेलांत विपुल असणारें अम्ल, वाढतें. त्यांच्या मांड्या खारवून व वाळवून जें हॅम करितात, तें फार महाग विकतें. इ. स. २०१४ मध्यें तेथील सरकारनें अशा हॅमसाठीं काळी, तांबडी, हिरवी व पांढरी अशा चार खुणा ठरवून दिल्या. ओकफळांवर पोसलेल्या शुद्ध जातीच्या जनावरास काळी खूण मिळते, तर बंदिस्त जागेंत तयार खाद्यावर वाढविलेल्यास पांढरी. मालावर खोटी खूण लागली, तर गिऱ्हाइकाची फसवणूक होतेच. पण कुरणें राखणाऱ्या प्रामाणिक शेतकऱ्याचे कष्टहि पाण्यांत जातात.

मग खरें कसें ओळखावें? जुनी रीत रसायनशाळेंतील आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्स्लेट यांनीं १८७९ मध्यें एक उपकरण पुढें आणिलें. त्यांत वाळवून बारीक केलेला नमुना एका उडून जाणाऱ्या द्रवानें पुनःपुन्हां धुतला जातो. मग द्रव उडवून मागें राहिलेली चरबी तोलतात. ही रीत भरंवशाची खरी, पण तीस कित्येक तास लागतात व नमुना नष्ट होतो. शिवाय चरबींतील अम्लें ओळखण्यासाठीं निराळी परीक्षा करावी लागते ती वेगळीच.

नवी रीत प्रकाशाची आहे. इ. स. १८०० मध्यें ज्योतिर्विद विल्यम हर्शेल यांनीं लोलकांतून पडलेल्या सूर्यप्रकाशाच्या रंगपट्ट्यांत उष्णतामापकें ठेवून पाहिलीं. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें, तेथेंहि उष्णमान चढलें! या अदृश्य प्रकाशास अवरक्त किरण म्हणतात. दृश्य प्रकाशाच्या लहरींची लांबी सुमारें ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. त्याहून किंचित् लांब लहरींचे किरण मांसावर पडले, म्हणजे कांहीं शोषले जातात व कांहीं परत फिरतात. चरबी ९३० व १२१० नॅनोमीटरच्या सुमाराचे किरण विशेषेंकरून शोषते. पाणी ९७० व १४५० च्या सुमाराचे शोषतें. परत आलेल्या प्रकाशांत कोणता भाग उणा झाला, हें मोजलें कीं चरबीचा अंदाज निघतो.

अमेरिकेंत कार्ल नॉरिस व बेन-गेरा यांनीं मांसांतील चरबी व पाणी या रीतीनें मोजून त्याचा वृत्तांत १९६८ मध्यें प्रसिद्ध केला. पूर्वींचीं यंत्रें मेजावर ठेवण्याजोगीं होतीं. आतां हातांत मावेल एवढें यंत्रहि मिळतें. स्पेनमधील कोर्दोबा विद्यापीठाच्या संशोधकांनीं अशीं यंत्रें इबेरियन डुकरांच्या परीक्षेसाठीं वापरून पाहिलीं आहेत. यंत्र चरबीस टेकविलें कीं कांहीं सेकंदांत वाचन मिळतें, आणि नमुन्याची नासाडी होत नाहीं.

परंतु यंत्र आपण होऊन कांहींच जाणत नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावें. प्रथम पुष्कळ नमुने रसायनशाळेंत तपासावे लागतात. त्याच नमुन्यांचें प्रकाशवाचन घ्यावें लागतें. आणि दोहोंचा मेळ गणितानें बसवावा लागतो. त्या मूळ तपासणींत आळस किंवा लबाडी झाली, तर यंत्र तीच चूक हजार वेळां सांगत राहील. कोंबडीच्या मांसावर शिकविलेलें यंत्र बकऱ्याच्या मांसावर भरंवशाचें नसतें. शिवाय हे किरण फार खोल जात नाहींत. म्हणून निरनिराळ्या जागीं वाचनें घेऊन सरासरी काढावी लागते.

तात्पर्य, झटपट उत्तर देणाऱ्या यंत्राच्या मागें कोणाचें तरी सावकाश व प्रामाणिक काम उभें असतें. शाळेच्या प्रयोगशाळेंत वजन घेतांना, उत्तर जुळावें म्हणून आंकडा किंचित् बदलण्याचा मोह आपणां सर्वांस कधीं ना कधीं झालेला असतो. असाच एक बदललेला आंकडा दूरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय आणूं शकतो, हें त्या वेळीं आठवावें.