हायड्राच्या बंदरातील जमाखर्च

युरो चलनातील ग्रीसची नाणी कधी हाती आली, तर ती जरूर निरखून पाहावीत. एका सेंटवर प्राचीन काळातील वल्ह्यांची युद्धनौका आहे, पाच सेंटवर आधुनिक सागरी जहाज आहे आणि या दोहोंच्या मधल्या, दोन सेंटच्या नाण्यावर १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धातील शिडाचे लढाऊ जहाज आहे. त्या युद्धात जहाजांचा फार मोठा वाटा उचलला तो हायड्रा, स्पेत्सेस आणि प्सारा या तीन लहान बेटांनी. त्यांपैकी हायड्राला यॉटने जाण्याचा योग मला आला. पिरेयस येथे जहाज कंपनीत नोकरीस असलेल्या मामेभावाने आठवडाभरासाठी एक शिडाची यॉट भाड्याने घेतली होती. सोबत एक अनुभवी ग्रीक तांडेल होता. नौकानयनाचे माझे ज्ञान मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गपर्यंत जाणाऱ्या होडीपुरतेच मर्यादित होते, हे आधीच नमूद केलेले बरे.

आदल्या रात्रीचा मुक्काम पोरोस बेटावर होता. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये जेमतेम दोनशे मीटर रुंदीची सामुद्रधुनी आहे आणि पाणी तळ्यासारखे निवांत. सकाळी तेथून निघून पूर्वेकडील भूशिराला वळसा घातला की वारा लागतो. तांडेलाने इंजिन बंद केले, शीड भरले आणि एकाएकी सर्वत्र शांतता पसरली. यॉट एका बाजूस कलते, तेव्हा नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. अर्ध्या तासाने मात्र त्या कलण्याचीच सवय होते. समोर हायड्राचा लांबट, करडा, उघडाबोडका डोंगर दिसू लागतो. गाव कोठे आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही.

कळते ते एकदम. खडकांच्या आड अर्धचंद्राकृती बंदर दडलेले आहे. मुखाशी दोन्ही अंगांना तोफा आहेत. आत धक्का, धक्क्यावर मठाचा संगमरवरी घड्याळाचा मनोरा आणि मागे नाट्यगृहातील आसनांप्रमाणे डोंगरावर चढत गेलेली पांढरी व करडी घरे. सौंदर्याला तोड नाही, परंतु जागा फार अपुरी. नौका लावण्याची येथील रीत अशी की बंदराच्या मध्यावर नांगर टाकावयाचा, नौका मागे मागे नेत पिछाडी धक्क्याला भिडवावयाची आणि दोन दोर खुंटांना बांधावयाचे. धक्का भरला, की पुढच्या रांगेच्या नौकांना बांधून दुसरी रांग, प्रसंगी तिसरीही. मागच्या रांगेतील माणसाने शेजाऱ्यांच्या नौका ओलांडत किनाऱ्यावर जावयाचे. पाण्याखाली साखळ्यांवर साखळ्या पडत जातात. आम्ही दुपारपूर्वीच पोहोचल्याने पहिल्या रांगेत जागा मिळाली. संध्याकाळी आमच्या नौकेवरून निदान वीस अनोळखी माणसे ‘कालिस्पेरा’ म्हणत ये-जा करीत होती.

या बेटावर मोटारगाड्यांना बंदी आहे. कचऱ्याची गाडी, अग्निशमनाचे वाहन अशा मोजक्याच वाहनांचा अपवाद. प्रवाशांच्या बॅगा, सिमेंटची पोती, विटा, शीतपेटी, सारे काही खेचरांच्या पाठीवरून जाते. धक्क्यावर उतरताच कानी पडतो तो पायऱ्यांवरील नालांचा आवाज.

बंदराच्या वर जी भव्य दगडी घरे दिसतात, ती कप्तानांची. ज्या बेटावर धड शेती नाही, गोड्या पाण्याची सदैव चणचण, तेथे इतका पैसा आला कोठून? १७७४ च्या रशिया-तुर्कस्तान तहानंतर ग्रीक जहाजांना रशियन निशाणाखाली व्यापार करणे सुकर झाले. काळ्या समुद्राकडील गहू पश्चिमेकडे नेण्यात हायड्राचे लोक तरबेज झाले. नेपोलियनच्या युद्धांत सागरी कोंडी झाली, तेव्हा ती चुकवून ज्यांनी फ्रान्स व स्पेनच्या बंदरांत धान्य पोहोचविले, त्यांनी अपार नफा मिळविला.

त्या व्यापाराची अर्थरचना आम्हा बँकवाल्यांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. सफरीसाठी जमविलेल्या भांडवलाला तेथे ‘सेरमाया’ म्हणत. उर्दूतील ‘सरमाया’ तो हाच. मूळ फारसी शब्द एका दिशेने आपल्याकडे आला आणि दुसऱ्या दिशेने, तुर्कीमार्गे, या बेटावर पोहोचला. एका सफरीत अनेकांचे लहानमोठे भाग असत. खर्च वजा जाता उरलेला नफा भांडवलदार, जहाजमालक, कप्तान आणि खलाशी यांच्यात वाटला जाई. खलाशाला ठरावीक पगार नव्हता, तो वाटेकरी होता. जहाज सुखरूप परतण्यात जहाजावरील प्रत्येकाचा स्वार्थ गुंतलेला असे. याहून उत्तम तारण कोणते?

१८१५ नंतर युरोपात शांतता झाली आणि नफा आटला. खलाशी बेकार झाले. स्वातंत्र्ययुद्ध पेटले, तेव्हा हायड्राचे धनिक प्रथम कचरले. अँटोनिस इकोनोमू नावाच्या कप्तानाने खलाशांना उठविले, मग बेट युद्धात उतरले. एकदा उतरल्यावर मात्र हात आखडला गेला नाही. अँड्रियास मिआउलिस यांनी आरमाराचे नेतृत्व केले. लाझारोस कुंदुरिओतिस यांनी आपल्या संपत्तीचा बहुतांश भाग युद्धात ओतला, असे सांगतात. त्यांचा पिवळसर रंगाचा वाडा आज संग्रहालय आहे. व्यापारात खलाशी नफ्याचा वाटेकरी होता. युद्धात नफा कसला? आता त्याला मासिक पगार द्यावा लागे आणि तो बहुतेक वेळा मालकांच्या तिजोरीतूनच जाई.

खासगी तिजोऱ्या पुरेनात, तेव्हा लंडनच्या बाजारात कर्ज उभारले गेले. १८२४ मध्ये दर्शनी ८ लाख पौंड, १८२५ मध्ये २० लाख. पहिल्या कर्जाचे रोखे शंभराला ५९ या भावाने विकले गेले, दुसऱ्याचे त्याहूनही कमी भावाने. अडते, दलाली आणि आगाऊ व्याज वजा जाता हाती आले ते आणखी कमी, त्यातील काही आपसांतील यादवीत गेले. या पैशातून न्यूयॉर्कला दोन मोठ्या फ्रिगेट बांधावयास दिल्या होत्या. खर्च इतका वाढला की एक विकून दुसरी सोडवून घ्यावी लागली. ती ‘हेलास’ १८२६ मध्ये ग्रीसला पोहोचली. कर्ज थकले आणि त्यावर तडजोड व्हावयास १८७८ साल उजाडले.

स्वातंत्र्य पदरात पडले, पण हायड्राच्या वाड्यांत रोकड उरली नव्हती. बेटाने नुकसानभरपाई मागितली. राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांना ती रक्कम अवाजवी वाटली आणि खजिनाही रिक्त होता. माझ्या मते दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या ठिकाणी रास्त होते. ताळेबंदात एका बाजूस खरा खर्च होता, दुसऱ्या बाजूस खरा खडखडाट. १८३१ मध्ये मिआउलिस यांनी पोरोस येथे उभे असलेले आरमार ताब्यात घेतले आणि ते सरकारच्या हाती पुन्हा पडू नये म्हणून ‘हेलास’ सुरुंगाने उडविली. तिच्यासोबत नष्ट झालेल्या दुसऱ्या जहाजाचे नाव होते ‘हायड्रा’. आम्ही ज्या निवांत पाण्यावर रात्र काढली होती, ते हेच पाणी. तेव्हा ‘हेलास’चे कर्ज थकलेलेच होते.

मिआउलिस यांचे हृदय बंदरावरील संग्रहालयात एका कलशात जतन केलेले आहे. दरवर्षी जूनच्या अखेरीस त्यांच्या नावाने उत्सव होतो आणि बंदरात एक नौका पेटविली जाते. ती शत्रूच्या आरमाराची आठवण म्हणून, पोरोसची नव्हे.

नंतर बेटाने काही दशके समुद्रतळातील स्पंज काढून गुजराण केली. १९६० मध्ये गायक-कवी लिओनार्ड कोहेन यांनी येथे १,५०० डॉलरला घर घेतले. आज सुमारे दोन हजार वस्तीचे हे गाव मुख्यतः पाहुण्यांवर जगते. एका जुन्या कप्तानाच्या वाड्यात व्यापारी नौदलाचे विद्यालय आहे. तेथील तरुण ज्या ग्रीक मालकीच्या जहाजांवर जातात, त्यांवर कोकणातील मुलेही असतात. भावाच्या कचेरीतील यादीत अशी नावे नेहमीच दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना आमच्या नांगरावर आणखी दोन साखळ्या आलेल्या निघाल्या. तांडेलाने शांतपणे एक दोर खाली सोडून शेजाऱ्यांची साखळी वर उचलून धरली, आपला नांगर मोकळा केला आणि त्यांची साखळी हलकेच पुन्हा पाण्यात सोडली. या कामास पाऊण तास लागला. पलीकडच्या नौकेवरील आजोबांनी तोवर आम्हा सर्वांना कॉफी दिली.