कंत्राटाची मुदत संपताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठरावीक मुदतीची नोकरी दोन प्रकारची असते. एका प्रकारात मालक आणि कर्मचारी यांच्यात थेट लेखी करार होतो आणि नोकरी संपण्याची तारीख त्यातच नमूद असते. दुसऱ्या प्रकारात कर्मचारी ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो आणि काम दुसऱ्याच आस्थापनेत करतो. बोलण्यात दोघेही ‘कंत्राटी’च, पण त्यांचे हक्क वेगळे आहेत. पुढील विवेचन पहिल्या प्रकाराचे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. अशा नोकरीविषयीच्या तरतुदी आता मुख्यतः त्यांत आहेत. व्यवस्थापकीय पदांवरील व्यक्ती आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक हे औद्योगिक संबंध संहितेतील ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत. त्यांच्या बाबतीत करारातील शर्तींना अधिक महत्त्व येते.

मुदतीचे शेवटचे दोन-तीन महिने आले की दोन्ही बाजूंच्या अपेक्षा बदलू लागतात. कर्मचाऱ्याला मुदतवाढीची किंवा परमनंट होण्याची आशा असते, तर मालकाला उरलेले काम उरकून घ्यायचे असते. बहुतेक गैरसमज याच काळात डोके वर काढतात.

गैरसमज १ : साहेबांनी शब्द दिला आहे, म्हणजे कायम होणारच.

वस्तुस्थिती : नेमणूकपत्रात बहुधा ‘या नेमणुकीमुळे कायम होण्याचा हक्क मिळणार नाही’ असे कलम असते. लेखी शर्तीच्या विरोधात तोंडी आश्वासन सिद्ध करणे फार कठीण. सरकारी सेवेत तर नियम आणखी कडक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १० एप्रिल २००६ रोजी कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या खटल्यात स्पष्ट केले की, नेमणूक तात्पुरती आहे हे ठाऊक असून ती स्वीकारणाऱ्याला कायम होण्याच्या ‘न्याय्य अपेक्षे’चा आधार घेता येत नाही. मंजूर पदांवर न्यायालयीन आदेशांच्या आधाराविना १० वर्षे काम केलेल्यांसाठी तेवढा एकवेळचा अपवाद ठेवला गेला. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो विरुद्ध भारत सरकार या खटल्यात त्याच न्यायालयाने केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे सफाई आदी कामे करणाऱ्यांना नियमित करण्याचा आदेश दिला आणि उमादेवी निकालाचा कर्मचाऱ्यांविरुद्ध हत्यारासारखा वापर होऊ नये असे बजावले.

गैरसमज २ : २४० दिवस भरले की नोकरी पक्की.

वस्तुस्थिती : १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २४० दिवसांची अट होती ती वर्षभराची ‘अखंड सेवा’ मोजण्यासाठी. ती सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागे. कायमपणाचा संबंध त्यात नव्हता. महाराष्ट्रात हा समज अधिक घट्ट आहे, त्याला कारणही आहे. राज्याच्या नमुना स्थायी आदेशांतील ‘४-सी’ या कलमात २४० दिवस काम केलेल्या बदली वा तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. तरीही सरकारी आणि निमसरकारी संस्थांत मंजूर पद रिकामे आहे का, हा प्रश्न न्यायालयात आधी येतो.

गैरसमज ३ : ११ महिन्यांनी एक-दोन दिवसांचा ब्रेक दिला की मालक मोकळा.

वस्तुस्थिती : कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने कामगारांना वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून ठेवणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यानुसार अनुचित कामगार प्रथा ठरते. राज्य परिवहन महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले की, अशी प्रथा सिद्ध झाल्यास कामगारांना कायम करण्याचा आदेश देण्याचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार उमादेवी निकालामुळे संपत नाही. यात मालकाचा हेतू सिद्ध करावा लागतो, म्हणून प्रत्येक नेमणूकपत्र आणि ब्रेकच्या तारखा जपून ठेवणे गरजेचे असते.

गैरसमज ४ : मुदत संपली म्हणजे कामावरून काढले; भरपाई मिळायलाच हवी.

वस्तुस्थिती : ठरलेल्या तारखेला करार संपणे ही कामगारकपात नव्हे. १९८४ च्या दुरुस्तीने हे जुन्या कायद्यात आले आणि नव्या संहितेतही ते कायम आहे. त्यामुळे कपातीची नोटीस किंवा भरपाई लागू होत नाही. मुदतीच्या आतच मालकाने काम थांबवले, तर मात्र ही सूट त्याला आपोआप मिळत नाही. करारातील शर्ती आणि नोटिशीचा प्रश्न उभा राहतो.

गैरसमज ५ : मुदतीनंतरही कामावर बोलावले, म्हणजे तेवढ्याच मुदतीचा नवा करार झाला.

वस्तुस्थिती : करार असा आपोआप वाढत नाही. केलेल्या कामाचे वेतन द्यावेच लागते, पण पुढची मुदत किती हे ठरत नाही. नवे पत्र नसणे मालकालाही अडचणीचे ठरते, कारण ‘मुदत संपली’ असे म्हणायला लेखी मुदतच उरत नाही.

गैरसमज ६ : शेवटच्या महिन्यात मालक कितीही वेळ राबवू शकतो.

वस्तुस्थिती : कामाची कागदपत्रे आणि माहिती पुढच्या माणसाकडे सोपवणे हा नोकरीचाच भाग आहे. पण कामगारांच्या बाबतीत वेतन, कामाचे तास, रजा अशा बाबींत त्यांच्या तोट्याचा बदल करायचा असल्यास २१ दिवसांची नोटीस लागते. जादा कामाचा दर नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट असतो. तसेच मुदतबंद कामगाराचे वेतन आणि कामाचे तास तेच काम करणाऱ्या कायम कामगारापेक्षा कमी दर्जाचे ठेवता येत नाहीत.

गैरसमज ७ : मुदतीआधी नोकरी सोडली तर मालक पगार अडकवू शकतो.

वस्तुस्थिती : वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत देय वेतन द्यावे लागते. कोणाला इच्छेविरुद्ध कामावर राहायला न्यायालयही भाग पाडत नाही. मात्र करारभंगाबद्दल वाजवी भरपाई मागता येते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेची दोन लाख रुपयांच्या बॉन्डची अट वैध ठरवली. नोकरी संपल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जाण्यास बंदी घालणारे कलम मात्र १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही.

गैरसमज ८ : तात्पुरत्यांना ग्रॅच्युइटी, पीएफ आणि प्रसूती लाभ नसतात.

वस्तुस्थिती : ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट मुदतबंद कर्मचाऱ्याला लागू नाही, करारानुसार एक वर्षाची सेवा पुरेशी आहे. हिशोब वर्षाला १५ दिवसांच्या वेतनाचा आणि महिना २६ दिवसांचा धरतात. शेवटचे वेतन २६,००० रुपये असेल, तर एका वर्षाचे १५,००० रुपये होतात. ११ महिन्यांचा एकच करार ही अट पूर्ण करत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. पीएफची शिल्लक करार संपल्याने बुडत नाही. तोच यूएएन क्रमांक पुढच्या नोकरीत चालतो. प्रसूती लाभाबाबत ऑगस्ट २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, पात्रता पूर्ण झाली असेल तर कराराची मुदत संपल्यानंतरच्या काळासाठीही लाभ द्यावा लागतो.

थोडक्यात, मुदतवाढीची आशा हा हक्क नसतो, पण केलेल्या सेवेतून मिळालेले हक्क मुदतीबरोबर संपत नाहीत. म्हणून अखेरच्या तारखेच्या महिनाभर आधी मुदतवाढीबाबत लेखी विचारणा करावी, उत्तर लेखीच घ्यावे आणि काम सोडताना वेतन, शिल्लक रजा, ग्रॅच्युइटी व अनुभवपत्र यांचा हिशोब एकाच पत्रात मागावा.