एचआयव्ही लस-संशोधन व लोकसहभाग

एचआयव्ही लस-संशोधन व लोकसहभाग : एड्सच्या विषाणूवरील लसीची चाचणी प्रथम निरोगी व्यक्तींवर केली जाते. हे स्वयंसेवक ज्या समाजातून येतात त्याला चाचणीची आखणी, माहिती-प्रसार व देखरेख यांत सामील करून घेणे, असा या संज्ञेचा अर्थ आहे.

भारतातील अशी पहिली चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत (स्थापना १९९२) फेब्रुवारी २००५ मध्ये सुरू झाली. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या ‘सी’ उपप्रकाराची जनुके एका निरुपद्रवी विषाणूत घालून ही लस बनविली होती. ती सुरक्षित ठरली. प्रतिरक्षा-प्रतिसाद मात्र क्षीण होता.

मुख्य अडचण ‘लस’ या शब्दापासूनच सुरू होते. देवी व पोलिओ यांच्या अनुभवामुळे लस म्हणजे संरक्षण, असे लोक धरून चालतात. चाचणीतील लस संरक्षण देईलच असे नसते आणि काही स्वयंसेवकांना तर केवळ निष्क्रिय द्रव टोचलेला असतो. ही गोष्ट संमतिपत्रकाच्या भाषांतराने पटत नाही. त्यासाठी पुनःपुन्हा संभाषण लागते. त्याहून बिकट प्रश्न प्रतिपिंडांचा. लसीमुळे ती रक्तात निर्माण झाल्यास, संसर्ग नसतानाही नेहमीची तपासणी होकारात्मक येऊ शकते. विषाणूच्या न्यूक्लिइक अम्लाची तपासणी खरी स्थिती दाखविते. पण शिराळ्यासारख्या लहान गावी पहिला निकाल कानोकानी झाला, तर दुसऱ्याची वाट कोण पाहणार? विवाह, नोकरी व रक्तदान या तिन्ही बाबतींत स्वयंसेवकाची कुचंबणा होते. म्हणून त्यास ओळखपत्र व दीर्घकाळ तपासणीची सोय देणे आवश्यक ठरते. संमती कायद्याने व्यक्तीची असली, तरी निर्णय बहुधा घरातील वडीलधारी घेतात. चाचणीच्या काळात गर्भधारणा टाळण्याची अट सुनेला सासरी सांगणे सोपे नसते.

सांगलीतील ‘संग्राम’ संस्थेचे कार्य (१९९२ पासून) व वेश्या अन्याय मुक्ती परिषद (१९९६) यांचा लस-चाचणीशी संबंध नव्हता. तथापि ज्यांना धोका अधिक त्यांनीच आपल्या वस्तीत प्रतिबंधाचे काम चालविणे शक्य आहे, हे त्यांतून दिसले. याउलट कंबोडियात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या आक्षेपांनंतर एका प्रतिबंधक औषधाची नियोजित चाचणी २००४ मध्ये रद्द झाली. विमा व दीर्घकालीन उपचार यांची हमी ही त्यांची मागणी होती आणि ती अवाजवी म्हणता येत नाही.

थायलंडमधील चाचणीत (निष्कर्ष २००९) सु. ३१ टक्के संरक्षण आढळले. त्याच धर्तीची दक्षिण आफ्रिकेतील चाचणी २०२० मध्ये निष्फळ ठरून थांबली. मान्यताप्राप्त लस अद्याप नसल्याने स्वयंसेवकांची गरज संपलेली नाही. भारतात २०१७ च्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने बाधितांविरुद्धच्या भेदभावास मनाई केली आहे.