घरात कोंडून घ्यायचं आणि ऑनलाइन भेटायचं: एकटेपणाचा ‘प्रयोग’ करणारे कलाकार काय सांगतात?

मार्च २०२०. कोरोनामुळे राज्यातली नाट्यगृहं बंद झाली. विलेपार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार, मुलुंडचं कालिदास, सगळीकडे कुलूप. नट घरात आणि प्रेक्षकही घरात.

त्याच वर्षी जुलैमध्ये अभिनेते-दिग्दर्शक हृषिकेश जोशी यांनी ‘मोगरा’ सादर केलं. या प्रकाराला त्यांनी नाव दिलं ‘नेटक’, म्हणजे नेटवरचं नाटक. वंदना गुप्ते, स्पृहा जोशी यांच्यासारख्या कलाकारांनी आपापल्या घरून, कॅमेऱ्यासमोर भूमिका केल्या. प्रेक्षकांनी तिकीट काढून ठरलेल्या वेळी ते आपल्या स्क्रीनवर पाहिलं. हे आधी रेकॉर्ड केलेलं नव्हतं. संवाद अडखळला किंवा नेट गेलं तर ‘पुन्हा एकदा घेऊ’ म्हणायची सोय नव्हती.

म्हणजे नाटकातलं बरंचसं इथे होतं. पण नाट्यगृहात विनोदी वाक्यानंतर नट क्षणभर थांबतो, हशा ओसरू देतो आणि मग पुढचं वाक्य घेतो. घरात, कॅमेऱ्यासमोर थांबायचं कुणासाठी?

ऑनलाइन माणसं खरंच एकमेकांना भेटतात का, हा प्रश्न लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनाच पडला. काही कलाकार मात्र कित्येक वर्षं आधीपासून स्वतःवर प्रयोग करून तो तपासत होते.

परफॉर्मन्स आर्ट म्हणजे नेमकं काय?

नाटकात नट दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगतो. परफॉर्मन्स आर्टमध्ये कलाकाराचं शरीर, त्याचा वेळ आणि त्याची सहनशक्ती हीच कलाकृती असते. तो उपाशी राहणार असेल, तर खरोखर उपाशी राहतो.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे गोव्यात राहणारे निखिल चोप्रा. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये सलग नऊ दिवसांचा परफॉर्मन्स केला. या काळात म्युझियम हेच त्यांचं घर होतं. वेश बदलणं, जेवणं, चित्र काढणं हे सगळं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत चालायचं. एरवी माणूस एकट्याने करतो त्या गोष्टी इथे लोकांसमोर आल्या.

वर्षभर पिंजऱ्यात

एकटेपणावरचा सगळ्यात टोकाचा प्रयोग तैवानमध्ये जन्मलेल्या तेचिंग शिए यांचा. ३० सप्टेंबर १९७८ रोजी न्यूयॉर्कमधल्या आपल्या स्टुडिओत त्यांनी स्वतःला लाकडी पिंजऱ्यात बंद करून घेतलं, ते पूर्ण एका वर्षासाठी. बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही, रेडिओ किंवा टीव्ही नाही, असे नियम त्यांनी स्वतःच घातले होते.

ऐकायला हा संपूर्ण एकांत वाटतो, पण तसा तो नव्हता. एक मित्र रोज जेवण आणून द्यायचा आणि कचरा घेऊन जायचा. ठरावीक दिवशी लोकांना पिंजरा पाहायला येता यायचं. शिवाय हे कधी संपणार, याची तारीख ठरलेली होती.

खऱ्या आयुष्यात घरात कोंडून घेणाऱ्या माणसाकडे नेमक्या याच तीन गोष्टी नसतात. जपानमध्ये अशा अवस्थेला ‘हिकिकोमोरी’ म्हणतात. मनोविकारतज्ज्ञ तामाकी साइतो यांच्या १९९८ मधल्या पुस्तकामुळे हा शब्द सर्वतोमुखी झाला. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ शाळा, नोकरी, मित्र यांच्यापासून तुटून घरातच राहणं, असा त्याचा ढोबळ अर्थ. जपान सरकारच्या २०२३ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीनुसार तिथे १५ ते ६४ वयोगटातले सुमारे १४ लाख ६० हजार लोक अशा अवस्थेत असावेत.

म्हणून शिए यांच्या पिंजऱ्याकडे बघून ‘एकांत किती सुंदर’ असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. एकांत निवडणं वेगळं आणि एकटं पडणं वेगळं.

दर तासाला हजेरी

शिए यांचा पुढचा प्रयोग सोशल मीडिया वापरणाऱ्यांना जास्त ओळखीचा वाटेल. एप्रिल १९८० पासून वर्षभर त्यांनी दर तासाला, दिवसा आणि रात्रीही, कारखान्यात असतं तसं कार्ड पंच केलं. वर्षाचे तास ८,७६०. त्यातल्या १३३ वेळा त्यांची हजेरी चुकली, बहुतेक वेळा झोप लागल्यामुळे.

दर थोड्या वेळाने फोन उचलून ‘ऑनलाइन’ दिसणाऱ्या माणसाची दिनचर्या याहून फार वेगळी नसते. फरक इतकाच की शिए यांना आपण कार्ड पंच करतोय हे माहीत होतं. तासाला एक हजेरी लावताना दोन तास सलग झोपता येत नाही, सिनेमा पाहता येत नाही, लांब कुणाकडे जाता येत नाही. हजेरी पक्की, पण त्या हजेरीत भेट कुणाचीच नाही.

मुंबईतून गेलेली केबल

इंटरनेट घरोघरी पोचायच्या आधीच मुंबईच्या कलाकार शिल्पा गुप्ता यांनी या जोडणीवर बोट ठेवलं होतं. २००३ मध्ये लंडनच्या टेट या कलासंस्थेसाठी त्यांनी ‘ब्लेस्ड बँडविड्थ’ ही वेबसाइट केली. त्यासाठी त्यांनी नेटवर्कची केबल वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळी नेऊन तिच्यासाठी आशीर्वाद घेतले. मग वेबसाइटवर येणाऱ्याने आपला धर्म निवडायचा आणि घरबसल्या आशीर्वाद मिळवायचा.

तेव्हा ही गंमत वाटली असेल. आज ऑनलाइन दर्शन, ऑनलाइन पूजा सर्रास चालते. पण गुप्ता यांचा प्रश्न अजून जिवंत आहे: तारेतून नक्की काय पोचतं?

कधी कधी केवळ देखावा पोचतो. २०१४ मध्ये अमालिया उल्मन या कलाकार तरुणीने इन्स्टाग्रामवर पाच महिने एक खोटं आयुष्य जगून दाखवलं. सेल्फी, महागडी हॉटेलं, सौंदर्य शस्त्रक्रियेचं नाटक, कोसळणं आणि सावरणं, सगळं ठरवून. शेवटी तिने हा परफॉर्मन्स असल्याचं जाहीर केलं. हजारो लोक तिला ‘फॉलो’ करत होते, पण ती त्यांना भेटलीच नव्हती.

समोरची खुर्ची

याच्या उलट प्रयोग मरिना अब्रामोविच यांचा. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ या म्युझियममध्ये त्या ७०० तासांहून अधिक वेळ एका खुर्चीत गप्प बसल्या. समोर एक रिकामी खुर्ची. कुणीही यावं, बसावं, त्यांच्याकडे बघावं. पंधराशेहून जास्त माणसं बसली आणि त्यांतल्या अनेकांना रडू आलं.

अब्रामोविच बोलल्या नाहीत आणि काही दिलंही नाही. त्यांनी फक्त समोरच्याला पुरता वेळ दिला. ज्याला बसायचं होतं, त्यालाही रांगेत उभं राहून स्वतःचा वेळ द्यावा लागला.

हे सगळे प्रयोग शेजारी-शेजारी ठेवले की लक्षात येतं, प्रश्न स्क्रीनचा नाही. ‘नेटक’ स्क्रीनवरच होतं, तरी ठरलेल्या वेळी दोन्हीकडची माणसं एकमेकांसाठी हजर होती. इन्स्टाग्रामवरच्या उल्मनसमोर हजारो जण होते आणि तिच्यासाठी कुणीच थांबलेलं नव्हतं. संपर्क होतो तो दोन्ही बाजूंनी वेळ दिला तर. नुसतं बघितल्याने, ‘सीन’ झाल्याने किंवा हार्ट टाकल्याने तो होत नाही.

मग आपण काय करायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहापैकी एका माणसाला एकाकीपणा जाणवतो. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोच्या गर्दीत रोज खांद्याला खांदा लावून उभं राहणाऱ्यांतही अशी माणसं असणारच. दार बंद करून बसलेल्या माणसासाठी फोन हा शत्रूच असतो असंही नाही. कित्येकदा बाहेरच्या जगाशी उरलेला तो एकच धागा असतो, त्यामुळे तो हिसकावून घेऊन उपयोग नाही.

एखादा मित्र बरेच दिवस फक्त स्टेटस बघतोय, पण भेटत नाही, उत्तर देत नाही, असं दिसलं तर ‘कसा आहेस?’ असा मेसेज टाकून थांबू नका. ‘रविवारी पाचला फोन करतो, बोलायचं नसेल तरी चालेल’ असं सांगा आणि पाचला फोन करा. शिए यांच्या मित्राने वर्षभर रोज जेवण पोचवलं, ते न बोलताच.

नाट्यगृहं २२ ऑक्टोबर २०२१ रोजी निम्म्या क्षमतेने पुन्हा उघडली. एक खुर्ची सोडून एक प्रेक्षक, तोंडावर मास्क. तरी हशा कुठे येतोय, हे नटांना पुन्हा ऐकू येऊ लागलं.

*(एकटेपणा असह्य होत असेल, किंवा जवळच्या कुणाची काळजी वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ या मोफत हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर बोलता येतं. ही सेवा २४ तास सुरू असते आणि मराठीतूनही मिळते.)*