कोल्हापूर@123 नियमात बसतो, म्हणून काय झालं?

जून-जुलै आला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या नेट कॅफेंत अ‍ॅडमिशनची झुंबड उडते. आजरा-चंदगडकडून आलेली मुलगी कागदपत्रं पुढं करते, कॅफेतला पोरगा भराभर खातं उघडतो आणि पासवर्डापाशी थांबतो. एक कॅपिटल अक्षर, एक आकडा, एक चिन्ह पाहिजे. ‘कोल्हापूर@123 टाकू काय, ताई?’ ती मान हलवते. पोरगा तो वहीत लिहून ठेवतो.

इंग्रजीत टाइप केला तर हा पासवर्ड भरतो 12 अक्षरांचा. सगळ्या अटींत बसतो, आणि तरी कुचकामी आहे. गावाचं नाव, @ आणि 123 ही जोडणी पासवर्ड फोडणारे प्रोग्राम सुरुवातीलाच लावून बघतात.

या अटींचं मूळ बरंचसं अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या 2003 मधल्या शिफारशींत आहे. त्या लिहिणाऱ्या बिल बर यांनी 2017 मध्ये त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. त्याच वर्षी संस्थेनंही चिन्हांची आणि ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलण्याची सक्ती नको, असं सांगितलं. सक्ती झाली की माणूस 123 चं 124 करून मोकळा होतो. आपल्या विद्यापीठांनी आणि कॉलेजांनीही ही सक्ती आता सोडावी.

पासवर्ड म्हणून जन्मतारीख तर कोल्हापूर@123 पेक्षाही वाईट. आठ आकड्यांच्या 10 कोटी जोडण्या होतात. पण कॉलेजातल्या मुलांच्या जन्माची दहा वर्षं धरली, तर तारखा उरतात जेमतेम 3,650.

पासवर्ड लांब हवा. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या: गुऱ्हाळ, जिराफ, सतार, पाटी असे. पुस्तक डोळे मिटून उघडा आणि बोट पडेल तो शब्द उचला. वर दिलेले चार शब्द मात्र वापरू नका. ईमेलचा पासवर्ड वेगळाच ठेवा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात.

पण चांगला पासवर्डही दुसऱ्याच्या हाती लागला तर उपयोग नाही. शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं त्या 1962 सालीच अमेरिकेतल्या एमआयटीत अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्यानं, संगणकावर जास्त वेळ मिळावा म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डांची फाइलच छापून घेतली होती. कॅफेतली वही म्हणजे तशीच यादी. त्यात तुमचं परीक्षेचं खातं असतं, शिष्यवृत्तीचंही.

पासवर्डाची चौकट आली की कीबोर्ड स्वतःकडं ओढा. वहीत आधीच लिहिला गेला असेल, तर आज घरी मोबाइलवरून बदला.